सायटोक्रोम सी ऑक्सिडेजचे सबयुनिट : या चुका टाळा

“सर, मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए १३ प्रथिनं करतो, कॉम्प्लेक्स फोरमध्ये सबयुनिट पण १३च. म्हणजे तीच की ओ!”

बेळगाव-खानापूरकडच्या बीएस्सी, एमएस्सीच्या मुलांकडून हे हमखास ऐकायला मिळतं. (कॉम्प्लेक्स म्हणजे मायटोकॉन्ड्रियात ऊर्जा तयार करणारे प्रथिनांचे मोठे गट, आणि सबयुनिट म्हणजे त्या गटातलं एकेक प्रथिन.) दोन्ही आकडे पुस्तकांत सापडतात, पण निष्कर्ष साफ चूक. सस्तन प्राण्यांत ती १३ प्रथिनं चार कॉम्प्लेक्समध्ये वाटली जातात: पहिल्यात ७, तिसऱ्यात १, एटीपी सिंथेजमध्ये २ आणि चौथ्यात, म्हणजे सायटोक्रोम सी ऑक्सिडेजमध्ये, फक्त ३. दुसऱ्याच्या वाट्याला एकही नाही. चौथ्यातली ती तीन म्हणजे कॉक्स-१, कॉक्स-२ आणि कॉक्स-३. दोन्ही हीम (लोह धरून ठेवणारे गट) आणि सगळं तांबं यांतल्या पहिल्या दोघांतच असतं. बाकीच्यांची जनुकं केंद्रकात. ती प्रथिनं पेशीद्रवात बनून मायटोकॉन्ड्रियात आणली जातात.

बरं, चौथ्यात सबयुनिट १३ तरी पक्के का? एनडीयूएफए४ हे प्रथिन नावावरून कॉम्प्लेक्स वनचं वाटतं आणि बरीच वर्षं तिथेच मोजलं गेलं. २०१२मध्ये ते कॉम्प्लेक्स फोरचं असल्याचं दाखवलं गेलं, आणि २०१८च्या मानवी रचनेत ते चौदावं सबयुनिट म्हणून दिसलं. गाईच्या हृदयातल्या एन्झाइमच्या १९९६च्या स्फटिक-रचनेत १३च होते, म्हणून जुन्या पुस्तकांत १३. प्रोजेक्टच्या तक्त्यात आकडा लिहाल तर कोणत्या रचनेवरून घेतला तेही लिहा.

उलट चूकही होते. नावात कॉक्स दिसलं की मुलं सबयुनिट म्हणून टाकतात. कॉक्स-१०, कॉक्स-१५, कॉक्स-१७ हे जुळणीला लागणारे मदतनीस. तयार एन्झाइममध्ये ते नसतात. सर्फ-१ही तसंच. त्यात बिघाड झाला तर ली सिंड्रोमसारखा गंभीर आजार होतो, पण म्हणून ते सबयुनिट ठरत नाही.

यीस्टच्या पेपरमधून आकृती उचलताना दहादा विचार करा. यीस्टमध्ये कॉक्स-५ए आणि ५बी एकाच सबयुनिटचे पर्याय: ऑक्सिजन भरपूर असेल तर एक, कमी पडला तर दुसरा. आपल्यात ५ए आणि ५बी ही वेगवेगळी प्रथिनं, दोन्ही एकाच वेळी हजर. वर यीस्टचं कॉक्स-५ जुळतं ते आपल्या कॉक्स-४शी! ज्यांनी नावं ठेवली त्यांनी जेलवरच्या (प्रथिनं वजनानुसार वेगळी करणाऱ्या थरावरच्या) क्रमाने ठेवली, त्याचा भुर्दंड आपण भरतोय.

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारा घोळ. प्रोजेक्टसाठी सकाळी मटणाच्या दुकानातून बकऱ्याची कलेजी आणतात, कारण ती लगेच मिळते आणि वाटायला सोपी. मग जेलवरची प्रथिनं पडद्यावर उतरवून अँटिबॉडी (ठरावीक प्रथिनाला चिकटून त्याची पट्टी दाखवणारं प्रथिन) वापरतात कॉक्स-६ए२ची, आणि पट्टी येत नाही म्हणून दोन दिवस ट्रान्सफर बफरला, म्हणजे उतरवायच्या द्रावणाला, शिव्या घालतात. ६ए आणि ७ए या सबयुनिटांचे यकृताचे आणि हृदय-स्नायूंचे प्रकार वेगळे असतात. ६ए२ हृदयात आणि स्नायूत सापडतं. यकृतात ६ए१ असतं. बफर बिचारा निर्दोष. गाईच्या हृदयावरचे आकडे समोर ठेवून तुलना करायची असेल तर दुकानदाराकडून हृदय मागून घ्या आणि तिथेच बर्फात घाला. कॉलेजपर्यंतच्या बसप्रवासात पिशवी गरम झाली की पुढचं सगळं फुकट.

कॉक्स-१ची पट्टी गायब असेल तर आधी विचारा, नमुना उकळला होता का? सवयीने सगळेच ९५ अंशांवर पाच मिनिटं ठेवतात. कॉक्स-१ अतिशय जलविरोधी. उकळलं की त्याचे गोळे होतात आणि ते जेलच्या विहिरीतच (नमुना भरायच्या खाचेतच) अडकून बसतात. ३७ अंशांवर अर्धा तास ठेवा. शिवाय वजन हिशेबाने सुमारे ५७ किलोडाल्टन (प्रथिनांचं वजन मोजायचं एकक) असलं तरी जेलवर ते बरंच खाली, ४०च्या आसपास उतरतं, तेव्हा ५७वर शोधत बसू नका. कॉक्स-४चं प्रकरण निराळं: डेटाबेसमधल्या क्रमात १६९ अमिनो आम्लं असतात, पण मायटोकॉन्ड्रियात शिरताना पुढची २२ कापली जातात. म्हणून पट्टी १७च्या जवळपास.

एन्झाइम क्षपण झालेल्या (इलेक्ट्रॉन मिळालेल्या) सायटोक्रोम सीकडून इलेक्ट्रॉन काढून घेतं, तसं ५५० नॅनोमीटरचं शोषण खाली येतं. क्रिया मोजताना ते खाली येत नसेल तर सायटोक्रोम सीकडे बघा. क्षपण झालेलं द्रावण गुलाबीसर दिसायला हवं. विटकरी दिसत असेल तर क्षपण झालंच नाही. क्षपणासाठी घातलेलं ॲस्कॉर्बेट काढून टाकायचं राहिलं तरी शोषण हलत नाही, कारण ते सायटोक्रोमचं पुन्हा क्षपण करत राहतं. बाह्य पटल शाबूत असेल तर सायटोक्रोम सी आत पोहोचतच नाही, म्हणून थोडं डिटर्जंट लागतं. आणि बफरमध्ये परिरक्षक म्हणून सोडियम ॲझाइड घातलंय का तेही तपासा. ते सायटोक्रोम ऑक्सिडेजलाच अडवतं.

अँटिबॉडी मागवताना शेवटचा सापळा: नुसतं कॉक्स-२ लिहिलंत तर बहुतेक वेळा वेदनाशामक औषधं ज्याला रोखतात ते सायक्लोऑक्सिजनेज येईल, ७०च्या वर पट्टी देणारं. ऑर्डरच्या कागदावर एमटी-सीओ२ असं जनुकाचं नाव लिहा आणि अपेक्षित वजन साधारण २५ असल्याची खात्री करून मगच सही घ्या.