खमक्या बायकांच्या कादंबऱ्या कशा वाचाव्यात

खमकी बाई असलेली कादंबरी हातात घेतली की आपण तिच्याच मागं धावतो. नवऱ्याला काय बोलली, घर सोडलं का, शेवटी जिंकली का. माझं म्हणणं, तेवढ्यावर थांबू नका. तिला हात कुणी दिला आणि पुढं तिनं कुणाला दिला, हे शोधत वाचा.

कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या माझ्या शिवणक्लासात आम्ही असंच वाचतो. कटिंग उरकलं, काजं-बटणं राहिली की एकजण मोठ्यानं वाचते, बाकीच्यांचे हात चालू. कटिंगच्या खाकी कागदाचा तुकडा पुस्तकात ठेवायचा, त्यावर दोन रकाने: मिळालं आणि दिलं. नायिकेला कुणी पैसे दिले, राहायला जागा दिली, नुसतं ऐकून घेतलं, तर पान नंबरासकट पहिल्या रकान्यात. तिनं दुसरीसाठी काही केलं की दुसऱ्यात. बराच वेळ दुसरा रकाना कोरा राहतो. तो पहिल्यांदा भरतो ते पान सावकाश वाचा, पुन्हा वाचा. बाई मोठी झालेली तिथं दिसते.

सुरुवात कविता महाजनांच्या ‘ब्र’नं करा. २००५ ची कादंबरी. प्रफुल्ला संसारातून बाहेर पडते, संस्थेत कामाला लागते आणि आदिवासी भागातल्या महिला सरपंचांना भेटत फिरते. पंचायतीत १९९३ पासून बायकांना एक तृतीयांश जागा राखीव झाल्या, पुढं महाराष्ट्रात त्या निम्म्या झाल्या. एवढं ठाऊक असलं की खुर्ची मिळूनही कारभार कोण करतं, हा प्रश्न टोचायला लागतो. इथं पोरींच्यात जोरात वाद होतो: प्रफुल्लानं त्या बायकांना बळ दिलं, की त्यांनी तिला? मी सांगते, दोन्हीकडं लिहा.

मग हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’. १८९० च्या दशकातली, यमू स्वतःच आपली कहाणी सांगते. भाषा जुनी, डोळ्यांनी वाचताना अडते, तोंडानं वाचली की सुटते. विधवा झाल्यावर यमूच्या वाट्याला जे येतं ते काळीज पिळवटणारं आहे. ती प्रकरणं एका बैठकीत उरकू नका, आणि वाचणारीला एकटीला सोडू नका. मैत्रिणीचे, दुर्गीचे प्रसंग तर अजिबात गाळायचे नाहीत. स्वतःचं एवढं असताना यमू दुर्गीचंही दुःख मांडते. माझ्या मते दुसऱ्या रकान्यातला सगळ्यात मोठा ऐवज तोच.

पुस्तकं विकतच घ्यायला हवीत असं नाही. भाऊसिंगजी रोडवरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे, तिथलं सभासद व्हा. पुस्तक परत करताना खाकी कागद तेवढा काढून घ्या आणि पुढं वाचणार असलेल्या मैत्रिणीला द्या. तिनं तिच्या नोंदी वेगळ्या रंगाच्या पेनानं करायच्या.