‘इव्हेन्च्युअली’ म्हणजे नेमकं कधी? रोमानियन टीमबरोबर काम करणाऱ्या नवीन मंडळींसाठी

महिनाअखेरचं क्लोजिंग, म्हणजे महिन्याचे हिशोब बंद करायचं काम, तोंडावर आलं होतं आणि रोमानियातल्या क्लूजच्या ऑफिसातून एका मुलीचा मेल आला : ‘इव्हेन्च्युअली वी विल पोस्ट द एंट्रीज ऑन थर्सडे.’ मी वाचलं ते असं, की उशीर होतोय खरा, पण शेवटी गुरुवारी एंट्र्या पडणार. मॅनेजरना तसं सांगून मोकळी झाले. गुरुवार गेला, एंट्री एकही नाही. शुक्रवारी सकाळी फोन केला, तर ती अगदी शांतपणे म्हणाली, ‘बट आय टोल्ड यू, इव्हेन्च्युअली!’

तिच्या हिशोबानं तिनं मला आधीच सावध केलं होतं. रोमानियनमध्ये ‘एव्हेंतुआल’ म्हणजे जमलं तर, वेळ पडली तर. इंग्रजीत तोच शब्द ‘अखेरीस होणारच’ असं सांगतो. एकाच शब्दाचे दोन अर्थ, एक ‘बघू’चा आणि एक ‘नक्की’चा, आणि मधे आमचं क्लोजिंग लटकलेलं.

मी पुण्यात खराडीला एका कंपनीच्या शेअर्ड सर्व्हिसेसमध्ये अकाउंट्स पेएबल, म्हणजे व्हेंडरांची (माल-सेवा पुरवणाऱ्यांची) बिलं आणि पेमेंट, बघते. आमची निम्मी प्रोसेस रोमानियात क्लूज-नापोकाला चालते, आणि केटीसाठी (नॉलेज ट्रान्सफर, म्हणजे तिथलं काम शिकून घ्यायला) मी तिथे दोन महिने राहूनही आलेय. नवीन मुलं जॉइन झाली की त्यांना एसएपी हे हिशोबाचं सॉफ्टवेअर शिकवतात, टॅक्स कोड शिकवतात, पण समोरच्याचं इंग्रजी कसं वाचायचं हे कोणी सांगत नाही. म्हणून हा खटाटोप.

पहिली गोष्ट अशी, की त्यांचं इंग्रजी चांगलं असतं. बोलण्याच्या सफाईत आपल्यातल्या बऱ्याच जणांपेक्षा सरस. तिथे परदेशी चित्रपट आणि मालिका बहुतेक डब करत नाहीत, खाली सबटायटल्स देतात, त्यामुळे पोरं लहानपणापासून इंग्रजी ऐकत वाढतात. आणि घात होतो तो इथेच. अडखळत बोलणाऱ्याकडे आपण कान देऊन ऐकतो. फाडफाड बोलणाऱ्याचा एखादा शब्द भलत्याच अर्थानं आला असेल, ही शंकाच मनाला शिवत नाही.

असं का होतं हे समजून घ्यायला आपल्याला लांब जावं लागत नाही. हिंदी भाषक म्हणतो, ‘बच्चों को अच्छी शिक्षा मिलनी चाहिए,’ आणि मराठी कानाला वाटतं, पोरांनी असं काय केलं की शिक्षा व्हावी? तो ‘चेष्टा’ करतो म्हणजे प्रयत्न करतो, आपण चेष्टा करतो म्हणजे थट्टा. शब्द दोन्हीकडे संस्कृतातूनच आले, पण दोन घरांत वेगळे वाढले. रोमानियन ही लॅटिनची लेक, इटालियन-फ्रेंचची बहीण. वर एकोणिसाव्या शतकात तिनं फ्रेंचमधून शब्दांची भरघोस उचल केली. आजही क्लूजच्या दुकानात ‘थँक्यू’ला ‘मेर्सी’ म्हणतात. इंग्रजीनंही फ्रेंच-लॅटिनमधून ढिगानं शब्द घेतले, पण तिथे त्यांचे अर्थ सरकत गेले. त्यामुळे रोमानियन माणसाला इंग्रजी शब्द ओळखीचा वाटतो, तो बेधडक वापरतो, आणि अर्थ मात्र घरचाच लावतो.

आमच्या कामात सगळ्यात जास्त नडलेला शब्द म्हणजे ‘नर्व्हस’. ‘द व्हेंडर इज व्हेरी नर्व्हस,’ असा मेल आला. पेमेंट चाळीस दिवस लटकलेलं होतं. मला वाटलं, बिचारा घाबरलाय, पैसे बुडतात की काय म्हणून. मी त्याला छान धीर देणारा मेल लिहिला : काळजी करू नका, टेन्शन घेऊ नका. त्याचं उत्तर आलं ते थेट आमच्या डायरेक्टरना सीसी करून. रोमानियनमध्ये ‘नेर्वोस’ म्हणजे चिडलेला. माणूस संतापानं लाल झाला होता आणि मी त्याची पाठ थोपटत बसले होते.

‘प्रिटेंड’ त्याहून वाईट. ‘द व्हेंडर प्रिटेंड्स ही सेंट द इन्व्हॉइस.’ आमच्या एका नवीन मुलानं याचा सरळ अर्थ लावला की व्हेंडर खोटं बोलतोय, नाटक करतोय, आणि त्याच्या खात्याला पेमेंट ब्लॉक लावून टाकला. क्लूजवाल्याला म्हणायचं होतं इतकंच, की ‘इन्व्हॉइस पाठवलं असं त्याचं म्हणणं आहे.’ त्यांच्याकडे ‘प्रेतिंदे’ म्हणजे दावा करणे. इन्व्हॉइस खरंच आलेलं होतं, आमच्याच मेलबॉक्समध्ये दुसऱ्या फोल्डरला पडून होतं.

‘कंट्रोल’वरून तर पुण्यात रुसवेफुगवे झाले. ‘वी विल कंट्रोल युअर इन्व्हॉइसेस एव्हरी मंडे.’ आमच्या टीम लीडचा पारा चढला, हे कोण आम्हाला कंट्रोल करणार म्हणून. वास्तविक ‘कोंत्रोला’ म्हणजे नुसतं तपासणं, नजर फिरवणं. तिकडे तिकीट तपासणाराही ‘कंट्रोलर’च. आणि ‘अ‍ॅक्च्युअल प्राइस’ असं त्यांच्याकडून आलं तर खरी किंमत असं समजू नका. त्यांना म्हणायचं असतं सध्याची, आजच्या घडीची. अकाउंट्सवाल्यांनी हे कपाळावर गोंदवून घ्यावं, कारण आपल्याकडे ‘अ‍ॅक्च्युअल’ हा बजेटच्या शेजारचा, प्रत्यक्ष झालेल्या खर्चाचा अख्खा रकाना असतो.

बाकीचे भरभर सांगते. ‘आय विल असिस्ट अ‍ॅट द ट्रेनिंग’ म्हणजे तो मदत करणार नाही, नुसता हजर राहणार. ‘सेन्सिबल’ म्हणजे समंजस नव्हे, हळवा. ‘सिम्पथेटिक’ म्हणजे छान, लाघवी माणूस, त्याला कुणाची कणव आलेली नसते. ‘लायब्ररी’त चल म्हणाले तर पाकीट बरोबर घ्या, ते पुस्तकांच्या दुकानात नेतायत, आणि ‘मॅगझिन’ म्हणजे वाचायचं नसतं, तेही दुकानच. ‘ऑन फ्रायडे आय अ‍ॅम फ्री’ या वाक्यावर भाळून मी एकदा शुक्रवारी दोन मीटिंगा टाकल्या. तो रजेवर होता. ‘फ्री’ म्हणजे सुट्टी.

‘फॅकल्टी’चा किस्सा मात्र थांबून सांगायला हवा, कारण त्यात चूक एकाची नव्हती. कँटीनमध्ये एक सहकारी कॉलेजच्या आठवणी काढत होता. ‘माय फॅकल्टी वॉज ओल्ड, अँड इन विंटर व्हेरी कोल्ड.’ आपल्याकडे फॅकल्टी म्हणजे शिकवणारे सर-मॅडम. मी सहानुभूतीनं म्हटलं, ‘अरेरे, मग शिकवायचे कसे?’ तो गोंधळला. ‘देअर वॉज नो हीटिंग,’ म्हणाला. दोन मिनिटं आम्ही त्या थंडगार म्हाताऱ्या सरांबद्दल बोलत राहिलो. मग कळलं की तो कॉलेजच्या इमारतीबद्दल सांगतोय. त्यांच्याकडे ‘फाकुल्ताते’ म्हणजे विद्यापीठातलं कॉलेज, आणि ‘प्रोफेसर’ हा शाळेत शिकवणाराही असतो.

माझ्यावर उलटलेलाही एक आहे. दिवाळीनंतर क्लूजला जाताना बाकरवडीची दोन पाकिटं नेली. पाकिटावर ठळक अक्षरांत ‘नो प्रिझर्व्हेटिव्ह्ज’. मी ते कौतुकानं बोट ठेवून दाखवलं. टेबलाभोवती क्षणभर शांतता, मग एकेकाला हसू आवरेना. त्यांच्या ‘प्रेझर्वातीव’चा अर्थ कंडोम. पदार्थ टिकवायला घालतात ते ‘कॉन्सेर्वांत’. बाकरवडी पाच मिनिटांत संपली. पुढचे दोन महिने माझ्या डब्यात काय आहे आणि काय नाही याची चौकशी रोज होत राहिली.

इथवरच्या चुका एकाअर्थी बऱ्या, कारण त्या पकडल्या जातात. दोघांपैकी एकाला खटकतं, फोन होतो, निस्तरतं. खरी गोची होते जिथे त्यांची चूक आणि आपली चूक एकच असते. असे शब्द मोजायला बसलात तर थक्क व्हाल.

आपल्याला हाताचंही बोट आणि पायाचंही बोटच, इंग्रजीत त्याला दोन वेगळे शब्द. रोमानियनमध्येही एकच, ‘देजेत’. आपलं घड्याळ मनगटावरचं असो की भिंतीवरचं, घड्याळच. त्यांचं ‘च्यास’ही तसंच. ते ‘क्लोज द टीव्ही’ म्हणतात, कारण त्यांच्याकडेही दार आणि टीव्ही दोन्ही बंदच करतात. ‘वेअर डू यू स्टे?’ असं ते विचारतात आणि आपण बिनदिक्कत ‘आय स्टे इन कोथरूड’ सांगतो. इंग्रज माणसाला वाटतं कोथरूड हे हॉटेल असावं. ‘आय वर्क हिअर सिन्स टू इयर्स’ दोघांचंही, कारण आपण ‘दोन वर्षांपासून’ म्हणतो आणि त्यांचंही वाक्य त्याच चालीनं जातं. ‘डिस्कस अबाउट’ दोघांचं. ‘मॅरीड विथ’ दोघांचं. आणि पैसे! ‘द मनी आर इन द अकाउंट’ हे वाक्य पुण्यातल्या मुलानं लिहिलं की क्लूजच्या, हे मेल आयडी झाकला तर मला सांगता येणार नाही. त्यांचं चलन लेऊ, एका लेऊचे शंभर ‘बानी’ होतात, आणि एकूण पैशालाही ‘बानी’च म्हणतात. आपल्या रुपयाचे शंभर पैसे, आणि एकूण पैसेही पैसेच. असं जुळलं की परक्या ऑफिसातही घरच्यासारखं वाटतं.

पण या जुळण्यानंच आम्हाला सगळ्यात मोठा फटका दिला. ‘पर्यंत’ हा शब्द घ्या. ‘शुक्रवारपर्यंत देतो’ म्हणजे शुक्रवार संपायच्या आत देतो. ‘शुक्रवारपर्यंत सुट्टीवर आहे’ म्हणजे शुक्रवार संपेस्तोवर नाही. मराठीत दोन्हीला एकच शब्द. रोमानियनमध्येही एकच, ‘पना’. इंग्रजीत मात्र पहिल्याला ‘बाय’, दुसऱ्याला ‘अंटिल’. ऑडिटच्या वेळी आम्ही आणि क्लूजनं मिळून लंडनच्या ऑडिटरबाईंना लिहिलं : ‘वी विल सेंड द डॉक्युमेंट्स अंटिल फ्रायडे.’ मसुदा क्लूजनं केला, मी वाचला, माझ्या मॅनेजरनं वाचला. तिघांनाही वाक्य निर्मळ वाटलं. बाईंना कळलं ते असं, की शुक्रवारपर्यंत कागद येत राहतील आणि मग पाठवणं बंद. त्यांनी बुधवारी कळकळीनं विचारलं, की शुक्रवारनंतर तुम्ही का थांबताय, माझं सँपलिंग (तपासायला नमुन्याचे कागद निवडणं) पुढच्या आठवड्यात आहे. तीन माणसं तो मेल वाचून एकमेकांना विचारत राहिलो, की ही बाई असं का म्हणतेय?

म्हणून नवीन माणसाला माझं सांगणं असं, की रोमानियन सहकाऱ्याचं वाक्य विचित्र वाटलं तर घाबरू नका, विचारा. पण दोघांनाही फारच सरळ वाटलेलं वाक्य तिसऱ्या देशात जाणार असेल, तर पुन्हा एकदा वाचा. तारीख लिहाच. ‘अंटिल फ्रायडे’ऐवजी ‘१४ तारखेला, तुमच्या वेळेनुसार संध्याकाळी पाचच्या आत’. वेळ कुणाची तेही लिहा, कारण आपण त्यांच्या हिवाळ्यात साडेतीन तास पुढे असतो आणि उन्हाळ्यात अडीच.

चूक दाखवायची तर चॅटवर, एकट्याला. ग्रुप मेलवर रिप्लाय-ऑल करून व्याकरण तपासणारा माणूस कुठल्याच देशात आवडत नाही. आणि तोंड वर करून शिकवायला जाण्याआधी आपल्या ताटात काय आहे तेही बघा. ‘आय हॅव अ डाउट’ म्हणत मी केटीच्या पहिल्या दिवशी दहा वेळा हात वर केला. शिकवणारी बिचारी दुपारी वेगळं बोलवून म्हणाली, ‘तुझा माझ्यावर विश्वास नाही का?’ तिला वाटलं मी संशय घेतेय. मला नुसती शंका विचारायची होती. ‘डू द नीडफुल’ वाचून एकानं विचारलं होतं, नीडफुल हे कुठल्या फॉर्मचं नाव आहे. आणि आमच्या मॅनेजरनी ‘प्लीज रिव्हर्ट टुडे’, म्हणजे आजच उत्तर द्या, असं लिहिलं, तेव्हा तिकडच्या आयटीवाल्यानं प्रामाणिकपणे आदल्या दिवशीचा बदल मागे घेऊन टाकला. नशीब, टेस्ट सिस्टिमवर.

थोडी रोमानियन शिका. अवघड जाणार नाही, आणि काही बाबतींत तर इंग्रजीपेक्षा जवळची वाटेल. ‘मला कॉफी आवडते’ हे इंग्रजीत ‘मी आवडवतो’ असं उलटं करावं लागतं. रोमानियनमध्ये सरळ ‘इमि प्लाचे’, म्हणजे मलाच आवडते. भूकही त्यांना ‘मला’ लागते, थंडीही ‘मला’ वाजते. कामापुरते दोन शब्द तर पहिल्याच दिवशी पाठ करा : ‘सिगुर’ म्हणजे नक्की, ‘प्वाते’ म्हणजे कदाचित. मी आता प्रत्येक तारखेला तेवढंच विचारते, सिगुर की प्वाते? आमच्या क्लोजिंगच्या शीटमध्ये त्याला रंगही दिलेत, सिगुर हिरवा, प्वाते पिवळा.

परवा त्याच मुलीचा मेल आला, पहिल्या आठवड्यात जिनं मला तोंडावर पाडलं होतं तिचा. ‘इव्हेन्च्युअली थर्सडे,’ आणि खालच्या ओळीत, ‘प्वाते, प्वाते, प्वाते!’ मी गुरुवारचा रकाना पिवळा केला.