वस्तीची भिंत वस्तीने रंगवताना

भित्तिचित्राची कार्यशाळा घ्यायची ठरली की बहुतेक मंडळे आधी चित्रकार शोधतात, मग भिंत, आणि रंग आणून झाल्यावर वस्तीतल्या लोकांना बोलावतात. हा क्रम पूर्ण उलटा असावा. भिंत मोठी किंवा रस्त्यावरून ठळक दिसणारी असण्यापेक्षा तिच्यासमोर रोज कोण उभे राहते, हे पाहावे. नळकोंडाळे, रेशनचे दुकान, अंगणवाडी अशा ठिकाणची भिंत लहान असली तरी चालते. मालकाची परवानगी लेखी घ्यावी. भिंत सार्वजनिक असेल तर महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या कार्यालयातून पत्र मिळाल्याशिवाय ब्रश उचलू नये, कारण मालमत्तेच्या विद्रूपणाला प्रतिबंध करणारा राज्याचा 1995चा कायदा हेतू चांगला आहे म्हणून सूट देत नाही.

त्यानंतर किमान तीन बैठका घ्याव्यात. पहिल्या बैठकीत चित्राचा विषयच काढू नये. या जागेबद्दल काय खुपते आणि काय आवडते, एवढेच विचारावे. बायकांची एक बैठक त्यांच्या सोयीच्या वेळी वेगळी ठेवावी, नाहीतर चार पुढारी बोलतात आणि बाकीचे माना हलवतात. चित्र अनेकांनी मिळून काढण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. वारली समाजात लग्नाचा चौक सवाशिणी मिळून भिंतीवर काढतात, धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी स्त्री पुरोहित, गाणी म्हणते, आणि त्या चित्राखाली कोणाचीही सही नसते. लॉस एंजेलिसमध्ये चित्रकार जूडी बाका यांनी 1976पासून एका कालव्याच्या भिंतीवर सुमारे अर्धा मैल लांबीचे चित्र उभे केले, तेव्हा 400हून अधिक तरुण त्यात राबले. त्यातले अनेक जण पोलीस आणि बाल न्यायालयाच्या कचाट्यातून आलेले होते, आणि पुस्तकांत न आलेला स्थलांतरितांचा व मूळनिवासींचा इतिहास त्यांनी रंगवला.

दुसऱ्या बैठकीत कच्चे रेखाटन दाखवावे, आणि ते पेन्सिलीतच असावे. रंगीत, घोटीव चित्र समोर आले की लोक संकोचून ‘छान आहे’ म्हणतात. आमच्या एका कार्यशाळेत पाणी हा विषय ठरला होता, आणि चित्रकाराने कमरेवर घागर घेतलेल्या बायका व मागे उगवता सूर्य काढला होता. एक आजी कागदाजवळ गेल्या, चष्मा सारखा करून म्हणाल्या, “इथं घागर कोण आणतं? निळी पिंपं काढा. आणि पाणी येतं रात्री दोनला, मग हा सूर्य कशाला?” सूर्य गेला, त्या जागी खांबावरचा दिवा आला. रांगेत पुरुष का नाहीत, यावर मात्र दीड तास वाद झाला. तो मी थांबवला नाही, कारण कार्यशाळा त्याचसाठी घेतलेली असते. अखेर दोन पुरुष पिंपासह रांगेत आले, तेही शेवटी उभे.

आता भिंतीकडे वळू. हौशी मंडळी सर्वाधिक घाई इथेच करतात. नव्या गिलाव्याला साधारण 28 दिवस वाळू द्यावे. जुन्या भिंतीवर फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवावा. सकाळी आतून दव दिसले तर ओल आहे, ती थांबवल्याखेरीज पुढे जाऊ नये. हात फिरवल्यावर पांढरी भुकटी लागली तर जुना चुना तारेच्या ब्रशने पूर्ण खरवडावा. आम्ही एकदा हा कंटाळा केला आणि चुन्यावरच रंग दिला. पहिल्याच पावसाळ्यात अर्धे चित्र पोपड्यांसह खाली आले, आणि मुले ते तुकडे गोळा करत बसली. खरवडून झाल्यावर सिमेंटची पुट्टी, मग प्रायमर, आणि बाहेरच्या भिंतीचा ॲक्रिलिक इमल्शन रंग, असा क्रम ठेवावा. 20 फूट लांब, 8 फूट उंच भिंतीला पार्श्वभूमीच्या दोन हातांसाठी साधारण तीन ते चार लिटर रंग लागतो. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम.

रेखाटन मोठे करण्यासाठी कागदावर एक इंचाचे आणि भिंतीवर एक फुटाचे चौकोन आखावेत. गेरू लावलेली दोरी ताणून सोडली की सरळ रेघ उमटते. प्रत्येक चौकोनाला आणि प्रत्येक रंगाला आकडा द्यावा. मग ज्याने कधी ब्रश धरला नाही, तोही ‘तीनची जागा निळी’ एवढ्या सूचनेवर काम करू शकतो. मुलांना खांद्याच्या उंचीपर्यंतचाच भाग द्यावा. परांचीवर मोठ्यांनीच चढावे, आणि खाली एक जण धरायला असावा. चेहरे व अक्षरे सरावलेल्या हाताकडे ठेवावीत. घोषवाक्य शक्यतो टाळावे; लिहायचेच असेल तर वस्तीच्या बोलीत लिहावे.

मिसळलेल्या प्रत्येक रंगाचा थोडा साठा झाकण घट्ट लावून, आकडा लिहून, भिंतीसमोरच्याच एखाद्या घरी ठेवावा. पावसाळ्यानंतर डागडुजीला तीच छटा नव्याने जुळत नाही, आणि डबे ज्या घरी असतात तिथली माणसे भिंतीवर पोस्टर चिकटवू देत नाहीत.