कुत्र्या-मांजराची शिसं, झिंक, तांब्याची टेस्ट: आधी कुठला धातू ते ठरवा, मग ट्यूब

दिवाळीआधी जुन्या घराचा रंग खरवडायला काढला की भुगा सगळ्या फरशीवर पसरतो, मांजर त्यातनं फिरतं आणि मग निवांत बसून पंजे चाटतं. पुढे उलट्या, खाणं बंद, कधी झटके. आपल्याकडे घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवायचा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्यामुळे आधीच्या थरांवर भरवसा ठेवू नका आणि डॉक्टरांना रंगकामाचं पहिल्यांदा सांगा, कारण शिशाची टेस्ट नेहमीच्या ब्लड प्रोफाइलमध्ये येतच नाही, वेगळी लिहून घ्यावी लागते.

शिशासाठी सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणारं पाणी, चालत नाही. शिसं जवळजवळ सगळं लाल पेशींत बसलेलं असतं, म्हणून न गोठलेलं पूर्ण रक्त लागतं, ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणारं रसायन) ट्यूबमध्ये, आणि रक्त घेतल्यावर ट्यूब हळूच उलटीसुलटी करायची. औषध सुरू करायच्या आधीच सॅम्पल घ्या. कुत्र्यात १०० मिलीला ३०-३५ मायक्रोग्रॅमच्या वर आकडा आणि सोबत लक्षणं असली तर डॉक्टर ते शिशाचंच धरतात. पोटाचा एक्स-रे पण काढाच, शिशाचा तुकडा आत असेल तर तो आधी बाहेर काढायचा.

झिंकमध्ये खरी गोची ट्यूबची आहे! साध्या ट्यूबच्या रबरी बुचात आणि सिरिंजच्या रबरात झिंक असतं, ते सॅम्पलमध्ये उतरतं आणि रिपोर्ट उगाच वाढलेला येतो, म्हणून लॅबकडून ट्रेस एलिमेंटची (अगदी थोड्या प्रमाणातले धातू मोजायला वापरतात ती) गडद निळ्या बुचाची ट्यूब आधीच मागवून ठेवा, आयत्या वेळी क्लिनिकमध्ये मिळेलच असं नाही. पण कुत्र्याने नट-बोल्ट गिळलाय, हिरड्या पांढऱ्या किंवा पिवळट दिसतायत, लघवी लालसर-तपकिरी होतेय, तर रिपोर्टची वाट बघत बसू नका, तडक एक्स-रे.

तांब्याचं वेगळंच. लॅब्राडॉरमध्ये लिव्हरला तांबं साठायचा आजार असतो आणि तो रक्तातल्या तांब्यावरून कळत नाही. लिव्हर एन्झाइम सारखे वाढलेले येत असतील तर बायोप्सीचं, म्हणजे लिव्हरचा छोटा तुकडा काढून तपासण्याचं, विचारा, त्याआधी रक्त गोठण्याची टेस्ट हवीच, आणि धातू मोजायला तुकडा केवढा लागतो ते लॅबला आधी विचारून घ्या. लिव्हरच्या तुकड्यात तांबं सुक्या वजनावर ४०० पीपीएमपर्यंत साधारण ठीक, १००० च्या वर गेलं की काळजीचं.

केसांची टेस्ट करून पन्नास खनिजांचा रंगीत चार्ट देणारे पण आहेत. त्यावर माझा अजिबात विश्वास नाही. शॅम्पू, धूळ, केसाचा रंग, सगळ्यानं आकडे हलतात, आणि तेवढ्यावरून घरच्या घरी झिंक नाहीतर कॉपरच्या गोळ्या चालू करणं म्हणजे जनावराच्या जिवाशी खेळ आहे.

बरीच क्लिनिक सॅम्पल बाहेर पाठवतात. माणसांच्या मोठ्या लॅबमध्ये आयसीपी-एमएस नावाच्या, अगदी थोडे धातूही मोजणाऱ्या मशीनवर धातू मोजतात, तिथे जनावराचं सॅम्पल घेतात का ते फोन करून विचारा, आणि घेतलं तर फॉर्मवर कुत्रा की मांजर ते ठळक लिहा, रिपोर्टवरची नॉर्मल रेंज माणसाची असते, ती धरू नका. अडलं तर परळ, शिरवळ, नागपूरच्या पशुवैद्यकीय कॉलेजात चौकशी करा.

शिशाचं औषध थांबल्यावर दोनेक आठवड्यांनी परत टेस्ट करा, हाडात साठलेलं शिसं पुन्हा रक्तात येतं. आणि त्याच घरात रांगणारं बाळ असेल तर त्याचीही शिशाची टेस्ट लगेच करून घ्या, ते पण त्याच फरशीवर हात टेकून तोंडात घालतंय.