फाईल डिलीट होईना? आधी ती कुणी धरून ठेवलीय ते शोधा

मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानातून फोन आला. "चार दिवस झाले, एक फाईल जागची हालंना झालीय. डिलीट दाबलं की मेसेज येतोय." मी विचारलं, मेसेजमध्ये काय लिहिलंय? त्यांनी तो वाचलाच नव्हता. सांगलीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करताना हे मला रोज दिसतं. मेसेज आला की माणसं घाईनं 'कॅन्सल' दाबतात, पुन्हा डिलीट करतात, पुन्हा तोच मेसेज. खरं तर अर्धं उत्तर तिथेच लिहिलेलं असतं. 'फाईल इन यूज' म्हणजे कुणीतरी ती उघडून बसलंय. 'यू नीड परमिशन' म्हणजे मालकी दुसऱ्याची आहे. 'नेम टू लाँग' म्हणजे नाव किंवा पत्ता लांबलाय. 'राइट प्रोटेक्टेड' म्हणजे पेन ड्राइव्ह किंवा कार्डच लिहू देत नाही. चारही दुखणी वेगळी आहेत आणि औषधंही वेगळी. म्हणून मेसेज मोबाईलवर फोटो काढून ठेवा, मग पुढे चला.

फाईल वापरात आहे असं सांगत असेल तर

दिवाणजी खतावणीत लिहीत बसलेत आणि कुणी ती वही ओढून रद्दीत टाकली, तर लिहिलेला हिशोब अर्धवट राहील. विंडोज नेमकं हेच होऊ देत नाही. प्रोग्राम फाईल उघडताना विंडोजला सांगतो, की माझं काम चालू असेपर्यंत ती दुसऱ्या कुणाला पुसू देऊ नको. त्यामुळे हा नकार म्हणजे बिघाड नव्हे, तुमच्या कामाची राखण आहे. ही गोष्ट मनात पक्की धरा, कारण जबरदस्तीनं फाईल उडवणारी फुकटची सॉफ्टवेअरं इंटरनेटवर खूप मिळतात आणि माणसं तीच आधी टाकून घेतात.

सगळे प्रोग्राम बंद करा. प्रिंटरच्या रांगेत काही अडकलंय का बघा. मग कॉम्प्युटर रीस्टार्ट करा, आणि इथे 'शट डाऊन' करून पुन्हा चालू करू नका, 'रीस्टार्ट'च निवडा. विंडोज 8 पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. ती चालू असेल तर शट डाऊन करताना तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर आहेत त्या अवस्थेत डिस्कवर जपून ठेवले जातात आणि सकाळी तसेच परत येतात. रीस्टार्टमध्ये सगळं नव्यानं सुरू होतं.

तरीही अडलं तर धरणारा शोधायचा. स्टार्ट मेन्यूत 'रिसोर्स मॉनिटर' शोधून उघडा, वर 'सीपीयू' टॅबवर जा. तिथे 'असोसिएटेड हँडल्स' नावाची पट्टी आहे, तिच्या उजवीकडे शोधायची चौकट. फाईलच्या नावातली चार-पाच अक्षरं तिथे टाका आणि थांबा. खाली ज्या प्रोग्रामनं फाईल धरलीय त्याचं नाव येतं. एक्सेल असेल, पीडीएफ वाचायचा प्रोग्राम असेल, तर नेहमीसारखा सेव्ह करून बंद करा. तो प्रोग्राम पडद्यावर उघडा दिसतच नसेल तर यादीतल्या त्या नावावर राइट क्लिक करून 'एंड प्रोसेस'. मात्र ओळखीचं नाव नसेल तर हात लावू नका. सुरुवातीच्या काळात मी एका दुकानात घाईनं भलताच प्रोग्राम बंद केला, त्यात बिलांची फाईल खराब झाली आणि दोन रात्री बसून आम्ही ती बिलं पुन्हा भरली. तेव्हापासून आधी बॅकअप, मग हा उद्योग.

त्या अडत दुकानात रिसोर्स मॉनिटरनं नाव दाखवलं ते 'सिस्टिम'. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. फोल्डर नेटवर्कवर शेअर केलेलं असेल आणि फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवरून उघडलेली असेल, तर तुमच्या मशीनवर धरणारा म्हणून 'सिस्टिम' दिसतो. मग 'कॉम्प्युटर मॅनेजमेंट' उघडायचं, 'शेअर्ड फोल्डर्स'मध्ये 'ओपन फाइल्स' बघायचं. कोणती फाईल, कोणत्या युजरनं उघडलीय, सगळं तिथे येतं. वजनकाट्याजवळच्या कॉम्प्युटरवर ती एक्सेल शीट उघडी होती. तो कॉम्प्युटर चार दिवसांत कुणी बंदच केला नव्हता. 'ओपन फाइल्स'मधूनही ती बंद करता येते, पण समोरच्यानं न सेव्ह केलेलं काम जातं. म्हणून चार पावलं चालत जाऊन तिथेच सेव्ह करून बंद केली. फाईल एका क्लिकमध्ये गेली.

लग्नसराईत फोटो स्टुडिओवाल्यांची तक्रार वेगळी असते. व्हिडिओच्या मोठमोठ्या फाईली कुठेच उघडलेल्या नसतात, तरी वापरात म्हणून दाखवतात. तिथे धरणारा स्वतः विंडोज एक्सप्लोररच असतो, कारण तो छोटी चित्रं किंवा प्रीव्ह्यू तयार करत बसलेला असतो. ऑल्ट आणि पी एकत्र दाबून प्रीव्ह्यूची पट्टी बंद करा. मग कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, 'विंडोज एक्सप्लोरर'वर राइट क्लिक करून 'रीस्टार्ट' करा. पडदा क्षणभर कोरा होतो, घाबरू नका.

परवानगी मागत असेल तर

2019 च्या महापुरानंतर बंद पडलेल्या कॉम्प्युटरमधून काढलेल्या हार्ड डिस्क कितीतरी जण घेऊन आले. नव्या मशीनला जोडली की जुन्या फोल्डरची मालकी जुन्या विंडोजच्या युजरकडेच राहते. डिस्क तुमची असली तरी विंडोज तुम्हाला ओळखत नाही. फोल्डरवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'सिक्युरिटी', 'ॲडव्हान्स्ड'. वर 'ओनर'समोर 'चेंज' दाबून आपलं युजरनेम टाका, 'चेक नेम्स' करा. आतल्या सगळ्या फाईलींचीही मालकी हवी, म्हणून खाली येणाऱ्या 'रिप्लेस ओनर'च्या चौकटीत टिक करा. मग त्याच ठिकाणी स्वतःला 'फुल कंट्रोल' द्या.

हे 'विंडोज' किंवा 'प्रोग्राम फाइल्स' फोल्डरवर मात्र करू नका. तिथली मालकी मुद्दाम 'ट्रस्टेड इन्स्टॉलर'कडे, म्हणजे विंडोजच्याच एका अंतर्गत सेवेकडे, ठेवलेली असते. सी ड्राइव्हवर 'विंडोज डॉट ओल्ड' हे आधीच्या विंडोजचं फोल्डर जागा अडवून बसलं असेल, तर सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम', 'स्टोरेज', 'टेम्पररी फाइल्स' इथून 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' निवडून काढा.

नाव लांबलंय असं म्हणत असेल तर

ही अडचण मराठीत फाईलींना नावं देणाऱ्यांना लवकर गाठते, आणि याबद्दल कुणी सांगत नाही. विंडोजची जुनी मर्यादा 260 अक्षरांची आहे, आणि ती नुसत्या फाईलच्या नावाला नाही, ड्राइव्हपासून फाईलपर्यंतच्या पूर्ण पत्त्याला आहे. त्यात देवनागरीतली काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी चिन्हं वेगवेगळी मोजली जातात. 'ग्रामपंचायत' आपण सहा अक्षरांत वाचतो, कॉम्प्युटर ती अकरा मोजतो. एकात एक अशी सहा-सात फोल्डरं अशा तीन-चार शब्दांच्या नावांची झाली की मर्यादा कधी संपली ते कळतही नाही. उपाय सोपा आहे. सगळ्यात वरच्या फोल्डरपासून सुरुवात करून नावं एकेका अक्षराची करा, क, ख, ग. पत्ता आखूड झाला की आतलं सगळं निमूट डिलीट होतं. मराठी नावं सोडू नका, फोल्डरात फोल्डर किती करायचं तेवढं आवरा.

याच्याच जवळचं दुखणं म्हणजे नावाच्या शेवटी चुकून राहिलेली मोकळी जागा किंवा टिंब. फाईल डोळ्यांना दिसते, पण डिलीट करायला गेलं की 'अशी फाईल सापडत नाही' म्हणतो. यासाठी कमांड प्रॉम्प्ट लागतो, म्हणजे हुकूम टाइप करून द्यायची विंडोजची खिडकी; स्टार्ट मेन्यूत त्याच नावानं शोधा. फोनवर सांगतो तसंच सांगतो: डी, ई, एल, मग स्पेस, दुहेरी अवतरणचिन्ह, दोन बॅकस्लॅश, प्रश्नचिन्ह, एक बॅकस्लॅश, मग ड्राइव्हपासून पूर्ण पत्ता, शेवटची मोकळी जागा किंवा टिंब धरून, आणि पुन्हा अवतरणचिन्ह. त्या प्रश्नचिन्हामुळे विंडोज नावाची साफसफाई न करता ते जसंच्या तसं घेतो. एंटर दाबण्याआधी पत्ता दोनदा वाचा, कारण असं गेलेलं रिसायकल बिनमध्ये सापडत नाही.

पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड

'राइट प्रोटेक्टेड' म्हणत असेल तर, कार्डच्या अडॅप्टरच्या कडेला बारीक खटका असतो, तो 'लॉक'कडे सरकलाय का आधी बघा. नसेल तर ड्राइव्हच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'टूल्स', 'चेक' करून चूक दुरुस्त करा. तरीही लिहू देत नसेल तर कार्डचं आयुष्य संपत आलेलं असू शकतं. आतले फोटो आजच दुसरीकडे उतरवून घ्या. आणि डिलीट केलेली फाईल पुन्हा पुन्हा उगवत असेल, फोल्डरांच्या जागी नुसते शॉर्टकट दिसत असतील, तर तो व्हायरस आहे. शॉर्टकटवर क्लिक न करता आधी कॉम्प्युटर आणि पेन ड्राइव्ह दोन्ही स्कॅन करा. तुमचा डेटा बहुतेक वेळा लपवलेला असतो, गेलेला नसतो.

सगळं करूनही अडलं तर सेफ मोड

शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा. 'ट्रबलशूट', 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'स्टार्टअप सेटिंग्ज', पुन्हा रीस्टार्ट, मग 4. इथे मोजक्याच गोष्टी चालू असतात, त्यामुळे फाईल धरायला सहसा कुणी नसतं. लॅपटॉप नवा असेल तर त्याआधी एक काम करा. त्याची डिस्क बिटलॉकरनं, म्हणजे विंडोजच्याच डिस्क-कुलपानं, बंद असू शकते आणि या वाटेवर तो 48 अंकी रिकव्हरी की मागू शकतो. ती की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते. लॅपटॉप चालू आहे तोवर ती शोधा, कागदावर उतरवा, आणि मगच शिफ्टवर बोट ठेवा.