टीएसडी रॅलीच्या दिवशी या चुका टाळा

"काका, आम्ही पहिले आलो ना?"

दर वर्षी एक तरी गाडी हा प्रश्न घेऊन माझ्या टेबलापाशी येऊन थांबते. ड्रायव्हरच्या चेहऱ्यावर विजय, शेजारी बसून वाट सांगणाऱ्या नॅव्हिगेटरच्या मांडीवर उलटं धरलेलं रोड बुक, म्हणजे वाटेतली अंतरं आणि वळणं सांगणारी वही, मागच्या सीटवर वेफर्सची पाकिटं. मी घड्याळ बघतो, टाइम कार्डावर वेळ टाकतो, सही करतो आणि कार्ड परत देतो. उत्तर देत नाही. कंट्रोलवर, म्हणजे वाटेत वेळ नोंदवण्याच्या ठिकाणी, बसलेल्या माणसानं बोलायचं नसतं. घरी आल्यावर मात्र मला कोणी अडवत नाही.

तर पहिली गोष्ट. हौशी रॅली म्हणजे टीएसडी. टाइम, स्पीड, डिस्टन्स. ही शर्यत नाही. आयोजक सांगतात की इथून तिथवर ताशी ३६ किलोमीटरच्या सरासरीनं या. म्हणजे एका किलोमीटरला बरोबर १०० सेकंद, ना कमी ना जास्त. कंट्रोल कुठे आहेत हे आधी सांगत नाहीत, त्यामुळे वाटेत कुठेही गाठलं तरी तुम्ही वेळेवरच असायला हवं. आमच्या क्लबात उशिराच्या प्रत्येक सेकंदाला एक गुण दंड आहे आणि लवकरच्या प्रत्येक सेकंदाला दोन. कितीही वेळा माइकवरून सांगा, सकाळी झेंडा पडला की निम्म्या गाड्या कोणीतरी पाठलाग करत असल्यासारख्या सुटतात.

‘मग यात थरार काय?’ असं विचारणाऱ्या पोरांना मी एवढंच सांगतो की २०२१ पासून डकार रॅलीसोबत वाळवंटात जुन्या गाड्यांची जी डकार क्लासिक होते, तीही ठरलेली सरासरी राखण्याचीच स्पर्धा आहे. तिथे कोणी तिला पोरखेळ म्हणत नाही. आणि आपल्याकडे सार्वजनिक रस्त्यावर वेगाची शर्यत लावायची तर मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १८९ आडवं येतं. राज्य सरकारच्या लेखी परवानगीशिवाय शर्यत लावणाराही दोषी आणि तीत भाग घेणाराही. म्हणून सरासरी मुद्दाम कमी ठेवलेली असते. ‘एवढं हळू कसं चालवायचं’ अशी तक्रार मी ऐकून घेत नाही. पौडच्या बाजारातून रविवारी सकाळी ३६ ची सरासरी राखून दाखवा, मग बोलू.

मीटर न जुळवणं

ही माझी लाडकी चूक. हिच्यावर मी वही भरून लिहू शकतो.

रोड बुकातली अंतरं आयोजकांच्या गाडीनं मोजलेली असतात. तुमच्या गाडीचं मीटर त्यांच्या मीटरशी जुळेलच असं नाही, बहुधा जुळतच नाही. टायर झिजलेला असला तर चाक जास्त फिरतं आणि मीटर अंतर जास्त दाखवतं. टायर मोठा घातला असला तर उलटं. म्हणून सुरुवातीचा एक टप्पा फक्त मीटर जुळवण्यासाठी दिलेला असतो. त्याच्या शेवटी एखादा ठळक खांब किंवा पूल असतो, त्याचं अंतर बुकात छापलेलं असतं. तिथे आपलं मीटर वाचायचं, त्या आकड्याला बुकातल्या आकड्यानं भागायचं आणि बुकातलं पुढचं प्रत्येक अंतर त्या गुणकानं गुणायचं. चौथीतलं गणित.

काही वर्षांपूर्वी दोन मित्र आले. गाडी नवी आणि तिला हौसेनं घातलेले कंपनीच्या टायरांपेक्षा मोठे टायर. जुळवणीचा टप्पा १४.६ किलोमीटरचा होता. त्या टप्प्यात हे दोघे वडापावला थांबले, फोटो काढले आणि ‘रस्ता तर सरळच आहे’ म्हणून खांबाजवळून तसेच निघून गेले. त्यांचं मीटर तिथे १४.२ दाखवत होतं. हे मला संध्याकाळी कळलं, त्यांनी काढलेल्या डॅशबोर्डच्या फोटोवरून. म्हणजे पुरावा खिशात होता, फक्त कोणी वाचला नाही.

मी चाळिसाव्या किलोमीटरवर छत्रीखाली बसलो होतो. खरे ४० किलोमीटर झाले तेव्हा त्यांच्या मीटरवर ३८.९ होते. ते आपल्या मीटरवर विश्वास ठेवून सेकंद मोजत होते आणि मोजत होते अगदी चोख, हे विशेष. किलोमीटरला १०० सेकंद या हिशेबानं त्यांनी ३,८९० सेकंद घेतले. घ्यायला हवे होते ४,०००. एक मिनिट ५० सेकंद लवकर, म्हणजे २२० गुण दंड, एकाच कंट्रोलवर. तिथेच त्यांनी मला तो प्रश्न विचारला.

पुढे आणखी गंमत. बुकात ६० किलोमीटरवर डावीकडे वळण होतं. यांचं मीटर तिथे जेमतेम ५८.४ दाखवत होतं, म्हणून समोर दिसणारा फाटा त्यांनी ‘हा नसणार’ म्हणून सोडला आणि दीड किलोमीटर पुढे जाऊन एका पोल्ट्रीच्या फाटकात वळले. नॅव्हिगेटर म्हणाला, बुक चुकलंय. ड्रायव्हर म्हणाला, तुला वाचता येत नाही. तिथून शेवटच्या कंट्रोलपर्यंत दोघं एकमेकांशी बोलले नाहीत, असं त्यांच्यामागून आलेल्या मार्शलनं, म्हणजे आयोजकांच्या माणसानं, सांगितलं.

माझी सवय सांगतो. आदल्या रात्री मी टायरची हवा स्वतः तपासतो. रॅलीच्या दिवशी दमट सकाळी पेट्रोल पंपावरच्या पोराच्या हातात ते काम देत नाही, कारण हवा बदलली की चाकाचा घेर बदलतो. जुळवणीच्या टप्प्यात गाडीत गप्पा बंद, गाणी बंद. भागाकार दोघांनी वेगवेगळा करायचा आणि उत्तरं जुळली तरच पुढे. आणि ताशी २० ते ४५ पर्यंत प्रत्येक सरासरीला किलोमीटरला किती सेकंद, याचा तक्ता घरीच तयार करून पॅडला चिकटवायचा. २४ ला १५०, ३० ला १२०, ३२ ला साडेएकशेबारा, ४० ला ९०. मोबाइलवरचं ॲप वापरायला माझी हरकत नाही, तुमच्या गटाच्या नियमात चालत असेल तर. काही गटांत जीपीएस आणि रॅली कॉम्प्युटर चालत नाहीत. आणि मुळशीच्या पुढे रेंज गेली की ॲपवाल्यांची जी धांदल उडते, ती बघायला मी पैसेसुद्धा देईन.

पुढच्या गाडीच्या मागे जाणं

इथे मी स्वतः गुन्हेगार आहे, त्यामुळे जरा नरमाईनं घेतो.

तेव्हा मी नॅव्हिगेटर होतो. पौडहून कोळवणकडे, पुढे तिकोना पेठ करून पवनानगरला उतरायचं होतं. पाऊस असा की वायपर नुसतं पाणी इकडचं तिकडे करत होता. मला बुकातलं ट्युलिप दिसेना. ट्युलिप म्हणजे चौकाचं छोटं रेखाचित्र. गोळा म्हणजे तुम्ही, बाण म्हणजे जायची दिशा, आणि नाव पडलं नेदरलंड्समधल्या ट्युलिप रॅलीवरून. तेवढ्यात समोर एक पांढरी गाडी दिसली, मागच्या काचेवर रॅलीचा नंबर. मी म्हटलं, लाव तिच्या मागे. आमच्या मागे अजून तीन गाड्या लागल्या, त्यांनी आमच्यावर विश्वास ठेवला होता.

पांढरी गाडी चढावर वळली, आम्ही वळलो. ती एका मोठ्या आवारात शिरली, आम्ही शिरलो. ते हाडशीचं देऊळ होतं. गाडीतून आजोबा, आजी, सून आणि दोन नातवंडं उतरली. स्टिकर मागच्या वर्षीचा होता. मुलगा त्या वर्षी तिसरा आला होता म्हणून त्यांनी काढला नव्हता. आजोबांनी आम्हा चारही गाड्यांना प्रसाद दिला. एकूण २७ मिनिटं गेली, आणि दर्शन तेवढं घडलं.

नंबर बघितला असता तरी वाचलो असतो. आमचा क्रमांक २४ होता. गाड्या एकेका मिनिटाच्या अंतरानं सोडल्या जातात, त्यामुळे आमच्या पुढे २३ हवी होती. त्या काचेवर ७ होता. आणि समजा ती खरंच २३ असती, तरी तिच्या शेपटाला लागून पोचलो असतो तर तिच्या वेळेला पोचलो असतो, आमच्या नाही. एक मिनिट लवकर. म्हणजे बरोबर गाडीच्या मागे गेलात तरी दंड, चुकीच्या मागे गेलात तर प्रसाद.

चुकलात असं वाटलं तर मागच्या ओळखीच्या खुणेपर्यंत या आणि मीटर तिथल्या आकड्याला लावून पुन्हा सुरू करा. गेलेला वेळ घाटात भरून काढायला जाऊ नका. ताम्हिणीत श्रावणी रविवारी प्रत्येक धबधब्यासमोर बाप उभा असतो आणि त्याची पोरं रस्त्याच्या मध्यावर. एखादा कंट्रोल उशिराचा घेतलात तर घेतलात.

कागदपत्रं

लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी. यातली पीयूसी नेमकी रॅलीच्या आदल्या आठवड्यात संपलेली असते आणि स्क्रुटिनीच्या, म्हणजे गाडी तपासणीच्या, रांगेत कळते. मग मालक मला ओळख सांगतो. माझी ओळख काही धूर मोजत नाही.

विम्याबद्दल मात्र दोन ओळी जास्त. खासगी गाडीच्या पॉलिसीत ‘वापरावरील मर्यादा’ असा एक भाग असतो, जो कोणीही वाचत नाही. आयोजित शर्यत, वेगाची चाचणी आणि ‘रिलायबिलिटी ट्रायल’साठी वापर झाला तर संरक्षण नाही, असं तिथे लिहिलेलं असतं. टीएसडी त्यात बसते की नाही, यावर वाद घालायची वेळ अपघातानंतरची नसावी. आधी विमा कंपनीला लेखी विचारा, उत्तर लेखी घ्या, आणि आयोजकांनी वेगळा विमा काढला आहे का हेही विचारा. माझ्या ओळखीतल्या एकानं बंपर फोडून घेतल्यावर ही ओळ पहिल्यांदा वाचली, गॅरेजमध्ये बसून.

बारीकसारीक, पण दर वर्षी

ब्रीफिंगला उशिरा येणं. ऐन वेळी बदललेला टप्पा तिथेच सांगतात, नंतर कोणी फोन करून कळवत नाही.

घड्याळ आयोजकांच्या घड्याळाशी न लावणं. स्टार्टच्या टेबलावर त्यांचं घड्याळ ठेवलेलं असतं. तुमच्या मोबाइलची वेळ कितीही खरी असली तरी त्या दिवशी तेच घड्याळ खरं.

जेल पेन. पावसात खिडकी उघडी राहते आणि पान निळं होतं. साधा बॉलपेन आणि पेन्सिल आणा, दोन-दोन.

कंट्रोल दिसला की अलीकडे थांबून वेळ काढणं. बहुतेक नियमावल्यांत मार्शलच्या नजरेच्या टप्प्यात थांबायला बंदी असते. लोक झाडामागे थांबतात आणि त्यांना वाटतं की लाल गाडी झाडामागे दिसत नाही.

मागच्या सीटवर पाहुणे. चारांत तिघं बोलणारे असले की नॅव्हिगेटरला मोजता येत नाही, आणि घाटात खाली मान घालून वाचणाऱ्याला तसंही मळमळतं. मी सकाळी पोहे खात नाही, कोरडी पोळी आणि आल्याचा तुकडा बरोबर ठेवतो. बाकीच्यांनी आपापलं बघावं, पण प्लास्टिकची पिशवी असू द्या.

स्टेपनीत हवा नसणं. जॅक आहे पण पाना नाही, हे त्याच्याही पुढचं.

सीट बेल्ट ‘एवढ्या हळूला कशाला’ म्हणून न लावणं. असा बेल्ट न लावलेला माझ्या टेबलापर्यंत आला तर मी लिहून पाठवतो, आणि गाडी बाद होते. यावर चर्चा नाही.

निकालावर भांडणं

संध्याकाळी बोर्डावर आधी तात्पुरता निकाल लागतो. आक्षेप घ्यायला ठरलेली वेळ असते, आमच्याकडे अर्धा तास, तोही लेखी आणि शुल्क भरून. त्या अर्ध्या तासात लोक जेवणाच्या रांगेत उभे असतात आणि नंतर पार्किंगमध्ये मला गाठतात. मी एका कंट्रोलवरचा माणूस. मी काय करू?

टाइम कार्ड प्रत्येक कंट्रोलवरून निघतानाच वाचा. मार्शलही माणूसच असतो, पावसात १०.४२ चं १०.२४ लिहून बसतो. मी लिहिलंय. त्या गाडीतल्या मुलीनं काच खाली केली, शांतपणे कार्ड पुढे केलं आणि म्हणाली, "काका, एवढ्यात कुठे पोचतोय आम्ही?" मी खोडून, शेजारी सही करून दुरुस्त केलं. तिनं दुरुस्ती पुन्हा एकदा वाचली, मगच ड्रायव्हरला ‘चल’ म्हणाली.