गोवा विद्यापीठात एमएला प्रवेश घेताना: वाळपईहून धाकट्या बहिणीला

पल्लवी, बीएचा निकाल लागायची वाट पाहू नकोस. ताळगाव पठारावरचं आपलं विद्यापीठ 1984 च्या कायद्याने उभं राहिलं, 1985 मध्ये सुरू झालं, म्हणजे गोवा घटकराज्य होण्याच्या दोन वर्षं आधी. त्यापूर्वी पणजीत मुंबई विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र होतं. आपल्या सत्तरी तालुक्यातल्या मुलीला एमएसाठी गोवा सोडावा लागत नाही, याचं मोल मला फार वाटतं.

पदव्युत्तर प्रवेशासाठी जीयू-एआरटी ही विद्यापीठाची प्रवेश परीक्षा असते. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर माहितीपत्रक आलं की आधी तुझ्या विषयाची पात्रता आणि अभ्यासक्रम वाच, मगच फॉर्म भर. मराठी, कोंकणी हे विषय विद्यापीठाच्या शणै गोंयबाब भाषा आणि साहित्य महाशाळेत सापडतील.

आता कागदपत्रं, आणि इथे सावकाश. माझ्या बारावीच्या गुणपत्रिकेवर गावकर आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग ‘यू’ने होतं, आधारवर ‘डब्ल्यू’ने. शेवटच्या दिवशी एका खिडकीवरून मला परत पाठवलं. प्रतिज्ञापत्र करून येईपर्यंत खिडकी बंद. रडतच कदंबची बस पकडली होती. म्हणून आजच सगळे कागद जमिनीवर मांड आणि नाव अक्षर-अक्षर जुळव. रहिवासी दाखला लागणार असेल तर मामलेदार कचेरीत लवकर अर्ज कर. जातीचा दाखला असेल तर त्याची मुदतही बघ. दुसऱ्या विद्यापीठातून येणाऱ्या मैत्रिणीला मायग्रेशन सर्टिफिकेटची, म्हणजे आधीचं विद्यापीठ सोडल्याच्या दाखल्याची, आठवण कर.

फी भरल्याची पावती छापून ठेव. परीक्षेच्या दिवशी पहिली बस धर, डबा मी देते.